लहरी साक्षीदार : एका लाल दिव्याचा इतिहास

पावसाळ्यात ठाण्याहून कळव्याकडे निघालेली लोकल खाडीपुलाच्या आसपास थांबून राहिली, की डब्यातील जुन्या प्रवाशांना कारण विचारावे लागत नाही. रुळांवर पाणी चढले आहे आणि पुढे गाडी नसतानाही सिग्नल लाल झाला आहे, हे सर्वांनी मनोमन ओळखलेले असते. रुळांतून क्षीण विद्युतप्रवाह खेळत असतो. गाडी आली की तिची चाके दोन रुळांना जोडतात, पलीकडच्या रिलेला प्रवाह मिळेनासा होतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. रुळांवर पाणी साचले किंवा एखादी तार तुटली, तरी नेमके हेच घडते. ही व्यवस्था बिघडलीच तर तिने 'थांबा' असेच म्हणावे, अशी तिची रचना मुद्दाम केलेली आहे.

परंतु प्रत्येक लाल दिव्यापुढे अनिश्चित काळ थांबायचे ठरवले, तर मुंबईची उपनगरी वाहतूक श्रावण उजाडण्यापूर्वीच बंद पडेल. म्हणून रेल्वेच्या नियमांत एक सोय आहे. स्वयंचलित सिग्नल लाल असेल तर मोटरमनने दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे थांबावे. मग कोणत्याही क्षणी गाडी उभी करता येईल अशा मंद गतीने पुढे जावे. या नियमामागे एक कबुली आहे. लाल दिव्याला दोन अर्थ असतात : पुढे धोका आहे, किंवा दिवाच आजारी आहे. दोहोंतील खरा कोणता, हे दिव्याकडे पाहून कळत नाही.

आम्हाला या लेखात एका वेगळ्या लाल दिव्याचा इतिहास सांगायचा आहे. तो संगणकाच्या पडद्यावर लागतो आणि मुक्तस्रोत प्रणाली लिहिणाऱ्यांच्या जगात त्याचे वजन मोठे आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा विषय परका वाटेल, याची आम्हाला जाणीव आहे. पण अनेक हातांनी लिहिलेला ग्रंथ शुद्ध कसा राखावा, हा प्रश्न आपल्याला परका नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात स्वतःची भर घालू नये, असे बजावले. मुक्तस्रोत प्रणालीही बहुहस्त ग्रंथच आहे. फरक इतकाच, की तेथे भर घालू नका असे म्हणता येत नाही. भर घालणाऱ्यांच्या जिवावरच तो ग्रंथ जगतो.

मग राखण कोणी करायची? एक काळ असा होता, की वेगवेगळे प्रोग्रामर आपापला भाग महिनोन्‌महिने स्वतंत्रपणे लिहीत आणि शेवटी सारे तुकडे एकत्र जोडायला बसत. सुटे असताना निर्दोष वाटणारे तुकडे जोडताच परस्परांशी भांडू लागत. त्या भांडणात आठवडे जात आणि दोष नक्की कोणाच्या हातून शिरला, याचा पत्ता लागत नसे. उपाय असा निघाला, की जोडणी शेवटी करायची ठेवूच नये. सतत करीत राहावे. 'कंटिन्युअस इंटिग्रेशन' हा शब्दप्रयोग ग्रेडी बूच यांनी १९९१ मध्ये वापरला. मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोज एनटी घडत असताना सारी प्रणाली रोज एकदा नव्याने बांधण्याचा परिपाठ होता. केंट बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात क्रायस्लर कंपनीची पगारप्रणाली लिहिताना, दिवसातून अनेकदा जोडणी करण्याचा आग्रह धरला. मार्टिन फाउलर आणि मॅथ्यू फोमेल यांनी २००० साली या पद्धतीवर निबंध लिहिला, आणि पुढच्याच वर्षी 'क्रूझकंट्रोल' ही ते काम आपोआप करणारी मुक्तस्रोत प्रणाली आली. आपण त्या पद्धतीला 'अखंड जोडणी' म्हणू.

अखंड जोडणीचा प्राण चाचण्यांत असतो. चाचणी म्हणजे यंत्राला दिलेला एक छोटा साक्षीदार. 'दोन आणि दोन मिळवले असता चार येतात ना?' एवढेच त्याने पाहायचे आणि होय किंवा नाही सांगायचे. मोठ्या प्रणालीत असे हजारो साक्षीदार असतात. कोणी एक ओळ जरी बदलली, तरी दूरच्या सर्व्हरवर सारी प्रणाली नव्याने बांधली जाते आणि सर्वांच्या साक्षी घेतल्या जातात. सर्वांनी होय म्हटले तर हिरवा दिवा, एकानेही नाही म्हटले तर लाल. लाल असताना तो बदल मूळ ग्रंथात घ्यायचा नाही, असा दंडक.

या दिव्यांना सार्वजनिक रूप प्रथम कोठे मिळाले याविषयी वाद होऊ शकेल, पण मोझिलाचे उदाहरण फार बोलके आहे. ३१ मार्च १९९८ रोजी नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा कोड जगाला खुला केला. त्याबरोबर 'टिंडरबॉक्स' नावाचे एक पान आले. तेथे निरनिराळ्या यंत्रांचे स्तंभ असत आणि प्रत्येक स्तंभात रंगांचे चौकोन. हिरवा म्हणजे सारे ठीक. लाल म्हणजे बांधणीच मोडली. आणि नारिंगी म्हणजे बांधणी झाली, पण चाचण्यांपैकी एखादी फसली. पानावर लक्ष ठेवणाऱ्या पाळीच्या कार्यकर्त्यास 'शेरीफ' म्हणत. बिघाड झाला तर नवे बदल घेणे थांबवण्याचा आणि दोषी बदल मागे घेण्याचा अधिकार त्याच्याकडे असे.

आणि येथेच या इतिहासाला वळण लागते. काही नारिंगी चौकोन असे निघू लागले, की ज्यांचा कोणाच्याही बदलाशी संबंध नसे. तोच कोड, तीच चाचणी, तेच यंत्र. पहिल्या वेळी फसलेली चाचणी दुसऱ्या वेळी काही न बदलता उत्तीर्ण होई. मोझिलाच्या लोकांनी या प्रकाराला अधूनमधून उगवणारा नारिंगी, अशा अर्थाचे नाव दिले. २०१० च्या सुमारास त्याविरुद्ध रीतसर मोहीम उघडली गेली आणि एका बदलामागे असे किती खोटे नारिंगी उमटतात, याची सरासरी मोजली जाऊ लागली. इंग्रजीत अशा चाचणीस 'फ्लेकी' म्हणतात. आम्ही तिला लहरी चाचणी म्हणतो.

लहर कोठून येते? यंत्राला मूड नसतो. २०१४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी अपाची संस्थेच्या ५१ मुक्तस्रोत प्रकल्पांतील, लहरी चाचण्या दुरुस्त करणाऱ्या २०१ नोंदी तपासल्या. तीन कारणे ठळकपणे पुढे आली. जवळजवळ निम्म्या प्रकरणांत दोष वाट पाहण्याचा होता : चाचणी एखादे काम सुरू करते, ठरावीक वेळ थांबते आणि उत्तर आले असेलच असे गृहीत धरते. सर्व्हरवर गर्दी असली की उत्तराला क्षणभर उशीर होतो आणि साक्षीदार 'नाही' म्हणून मोकळा होतो. दुसरे कारण, एकाच वेळी चाललेली दोन कामे परस्परांच्या वाटेत येणे. तिसरे, चाचण्यांचा क्रम : आधीच्या चाचणीने खोलीत पसारा टाकून ठेवला, तर नंतरचीचा पाय त्यात अडकतो.

काळ आणि घड्याळ हे आणखी एक जुने कारण आहे, आणि ते आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्या परिचयातील कळव्याचा एक विद्यार्थी मराठी विषय घेऊन एम. ए. करीत होता. एका मुक्तस्रोत प्रणालीच्या मराठी अनुवादात त्याला काही ढोबळ चुका दिसल्या. दिवस कॉलेजात आणि लोकलमध्ये जाई; म्हणून रात्री जागून त्याने दहाबारा शब्द सुधारले आणि दीडच्या सुमारास तो बदल पाठवला. लाल दिवा लागला. त्याने आपले शब्द पुन्हा तपासले, एक अनुस्वार काढला, पुन्हा पाठवला. लाल. असे सलग तीन रात्री चालले. चौथ्या दिवशी तो आम्हाला म्हणाला, "सर, हे आपलं काम नव्हे. माझ्या शब्दांमुळे त्यांचं काहीतरी मोडतंय."

काहीही मोडत नव्हते. नंतर एका जाणकार मित्राने लक्ष घातले, तेव्हा उलगडा झाला. त्या प्रकल्पातील एक चाचणी 'आजची तारीख' दोन ठिकाणांहून घेऊन ताडून पाहत होती. एक तारीख भारतीय वेळेने मोजलेली, दुसरी सर्व्हरच्या, म्हणजे ग्रीनिचच्या जागतिक वेळेने. दोहोंत साडेपाच तासांचे अंतर. मध्यरात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात आपल्याकडे उद्या उजाडलेला असतो आणि तेथे आज सरलेला नसतो. तेवढ्या अवधीत जो कोणी बदल पाठवील, त्याला लाल दिवा मिळणार. दिवसा पाठवील, त्याला हिरवा. प्रकल्प सांभाळणारे दिवसा काम करीत, म्हणून त्यांना ही चाचणी लहरी वाटे : कधी फसते, कधी नाही, दुर्लक्ष करा. रात्री काम करणाऱ्या नवख्याच्या दृष्टीने मात्र ती लहरी नव्हतीच. ती रोज नियमाने त्यालाच दोषी ठरवत होती.

दोन घड्याळांचे हे भांडण आपल्या भागाला नवे नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईने स्वतःची 'बॉम्बे टाइम' सोडली नाही. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती आणि १९५५ पर्यंत कोठे ना कोठे टिकून राहिली. त्या काळात 'दहा वाजता या' या वाक्याला दोन खरे अर्थ होते. उशिरा येणारा माणूस खोटारडा ठरे. वस्तुतः दोष त्याच्या चालण्यात नसून घड्याळांच्या बेबनावात असे. लहरी चाचणीचे मर्म हेच आहे. जिला आपण लहर म्हणतो, ती बहुधा आपण न लिहून ठेवलेली एखादी अट असते.

आता या दोषाची व्याप्ती पाहू. गूगलसारख्या कंपनीने २०१६ मध्ये स्वतःच जाहीर केले, की त्यांच्या सुमारे १.५ टक्के चाचणी-फेऱ्यांत लहरी निकाल येतो आणि जवळजवळ १६ टक्के चाचण्यांत थोडीबहुत लहर आहे. त्याहून विचार करायला लावणारा आकडा पुढेच आहे. आधी उत्तीर्ण होणारी चाचणी फसू लागली, अशा प्रसंगांपैकी ८४ टक्क्यांमध्ये एखाद्या लहरी चाचणीचा हात होता. म्हणजे हिरव्याचा लाल झालेला दिवा तेथे बहुतेक वेळा नव्या चुकीमुळे झालेला नव्हता. ज्यांच्याकडे अपार यंत्रे आणि पगारी माणसे आहेत त्यांची ही कथा. मग स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या प्रकल्पांचे काय होत असेल, याची कल्पना करता येईल. त्यांची चाचणी-यंत्रेही बहुधा परक्याच्या कृपेची असतात. २०११ पासून मुक्तस्रोत प्रकल्पांना विनामूल्य सेवा देणारे 'ट्रॅव्हिस'चे जुने संकेतस्थळ २०२१ च्या जूनमध्ये बंद झाले आणि असंख्य प्रकल्पांना बिऱ्हाड हलवावे लागले. नव्या घरात नवे घड्याळ, नवी गर्दी, नव्या लहरी.

येथे कोणी म्हणेल, की एखादी चाचणी खोटे बोलली तर एवढे काय बिघडले? पुन्हा चालवावी. सर्वत्र तेच केले जाते. 'पुन्हा चालवा' असे एक बटण असते. ते दाबले, की बहुधा हिरवा दिवा लागतो आणि माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. परंतु आमच्या मते खरी हानी या बटणातच आहे. खोटी साक्ष त्या दिवशी फारसे नुकसान करीत नाही. ती ऐकणाऱ्याला एक सवय लावते. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीत आपण मुलाला दोष देतो आणि तात्पर्य सांगून मोकळे होतो. पण गोष्टीतले नुकसान गावकऱ्यांच्या कानांत घडलेले असते. ज्या दिवशी लांडगा खराच येतो, त्या दिवशी मुलगा खरे बोलत असतो आणि गावाची ऐकण्याची शक्ती गेलेली असते.

ही केवळ बोधकथा नव्हे. १९८४ च्या डिसेंबरमधील त्या रात्री भोपाळच्या कारखान्यात वायूच्या टाकीवरील दाबमापकाने दाब अनेक पटींनी वाढल्याचे दाखवले होते. तेथील मापके भरवशाची नसल्यामुळे आपण त्या पहिल्या इशाऱ्याकडे लक्ष दिले नाही, असे त्या पाळीच्या पर्यवेक्षकाने पुढे अमेरिकन वृत्तपत्राला सांगितले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक आणि खोल होती; एका मापकावर तिचा भार टाकणे अन्यायाचे होईल. संगणकीय चाचण्यांच्या बाबतीत इतके भयंकर बहुधा काही घडत नाही. पण मनाचा व्यापार एकच आहे. मापक वारंवार खोटे बोलले, की माणूस त्याच्याकडे पाहायचे थांबतो, आणि मापक दुरुस्त करणे कोणाचेच काम उरत नाही.

उपायांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. फाउलर यांनी २०११ मध्ये याच विषयावर पुन्हा लिहिले आणि लहरी चाचण्या इतर चाचण्यांपासून वेगळ्या काढून ठेवाव्यात, असे सुचवले. साथीच्या रोग्याला विलग ठेवतात तसे. हेतू असा, की उरलेल्यांच्या शब्दाला किंमत राहावी. मात्र विलगीकरणाची मुदत ठरवावी, नाहीतर तो कक्ष अडगळीची खोली होतो, हा इशाराही त्यांनी दिला होता. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी अडगळच झाली. आपल्या मुंबईतच २००८ पासून घडत आलेल्या ईआरपीनेक्स्टसारख्या मुक्तस्रोत लेखाप्रणालीकडे पाहावे. व्यापाऱ्याच्या हिशेबाची प्रणाली म्हणजे तारखांचे जंगल : एक एप्रिलला वर्ष बदलते, ताळेबंद आजच्या तारखेवर अवलंबून असतो. अशा प्रणालीच्या चाचणीत 'आज' हा शब्द जितक्या सहजपणे लिहिला जातो, तितक्याच सहजपणे ती चाचणी उद्या खोटे बोलू शकते. म्हणून तेथे तारीख गोठवून, 'आज अमुक दिवस आहे असे समज' असे यंत्राला सांगून चाचणी घेणे शहाणपणाचे ठरते. हे काम कष्टाचे आणि अनामिक असते. नवे काही दिसत नाही, कोणी टाळ्या वाजवत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी या ठिकाणी पुण्याची एक गोष्ट आठवावी. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. १९२५ पासून त्याची धुरा वि. स. सुखटणकरांकडे होती. देशभरातून आलेली, निरनिराळ्या लिपींतील हस्तलिखिते एकमेकांशी ताडून एकेका श्लोकाचा पाठ ठरवायचा होता. तेथेही हस्तलिखिते हे साक्षीदारच, आणि तेही परस्परविरुद्ध बोलणारे. सुखटणकरांपुढे दोन सोपे मार्ग होते : संशयित पाठ निःशंक असल्यासारखा छापायचा, किंवा तो गाळूनच टाकायचा. त्यांनी तिसरा मार्ग घेतला. जेथे पाठाची खात्री कमी, तेथे अक्षरांखाली एक नागमोडी रेषा छापली. पाठ दिला आहे. पण संपादकाचा त्यावर पूर्ण भरवसा नाही, हे वाचकाला त्याच जागी कळते. आणि खाली तळटीपांत सारे पाठभेद नोंदलेले, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला तो निर्णय पुन्हा तपासता येतो.

आम्हाला वाटते, लाल-हिरव्याच्या या व्यवस्थेत हरवली आहे ती ही नागमोडी रेषा. रेल्वेने ती आपल्या परीने काढली आहे : थांबा, मग सावकाश पुढे जा, आणि दुरुस्तीची माणसे रुळांवर उतरवा. मोझिलाच्या शेरीफांनीही ती काढली. एखादा नारिंगी चौकोन खोटा वाटला, तर तो नुसता पुसायचा नाही, तो कोणत्या नोंदलेल्या दोषाशी जुळतो ते लिहायचे, अशी शिस्त त्यांनी लावली. जेथे केवळ 'पुन्हा चालवा'चे बटण आहे, तेथे संशय नोंदला जात नाही. तो जाणत्यांच्या डोक्यात राहतो. 'अहो, ती चाचणी अशीच आहे, लक्ष देऊ नका,' हे वाक्य जुन्या मंडळींना तोंडपाठ असते. नवख्याला ते कोणी सांगत नाही. मौखिक परंपरेचे सारे तोटे त्या ज्ञानाला असतात : जो वर्तुळाच्या आत आहे त्याला ते फुकट मिळते, आणि बाहेरच्याला त्याची किंमत मोजावी लागते.

मुक्तस्रोत चळवळीचे वचन असे आहे, की दार सर्वांना उघडे आहे. कायद्याने ते उघडेच असते. कोड वाचता येतो, बदलता येतो. पण दारावर उभा असलेला यांत्रिक साक्षीदार जर अधूनमधून निष्पापाला चोर म्हणत असेल, तर आतले लोक हसून पुढे जातात आणि बाहेरचा परत फिरतो. तो तक्रारही करीत नाही, कारण चूक आपलीच असे त्याला वाटत असते. म्हणून या हानीचा आकडा कोणत्याही तक्त्यात येत नाही. मराठीसारख्या भाषेला तर ही हानी अधिक जाणवते. इंग्रजीत एक अनुवादक गेला तर दुसरा येईल. आपल्याकडे एखाद्या प्रणालीचे मराठी शब्द सुधारायला रात्री जागणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात.

त्या चाचणीतील तारीख पुढे आमच्या जाणकार मित्राने दुरुस्त करून पाठवली. दोन ओळींचा बदल होता. दिवसा पाठवल्यामुळे तो हिरवा झाला आणि आठवड्याभरात स्वीकारला गेला. आम्ही त्या विद्यार्थ्याला हे कळवले आणि त्याचे दहाबारा शब्द पुन्हा पाठवायला सांगितले. त्याने ते पाठवले की नाही, हे आम्ही मुद्दाम विचारलेले नाही. मात्र परवा कळवा स्थानकावर भेटला, तेव्हा गाडी सिग्नलला अडकली होती. लाल दिव्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "सर, हा खरा आहे की नुसताच लागलाय?" प्रश्न योग्य होता. तो विचारण्याची सोय त्याला पहिल्या रात्रीच मिळायला हवी होती.